टिनावरचा पाऊस आणि फेसाचं छत

जुलैतला दमदार पाऊस तासाला ४० मिलिमीटर या जोरानं कोसळतोय असं धरू. केनवडमधल्या एखाद्या १० बाय १२ फुटांच्या टिनाच्या खोलीवर त्याचे किती थेंब आपटत असतील? छताचं क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर, म्हणजे तासाभरात त्यावर साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी पडणार. थेंब सरासरी ३ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर हिशेब येतो दर सेकंदाला जवळपास ९ हजार थेंबांचा. त्यातला प्रत्येक थेंब ताशी २९ किलोमीटरच्या आसपास वेगानं अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर आदळतो. खाली बसलेल्या दोन माणसांना मग एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं.

खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. या सगळ्या थेंबांची मिळून जी ताकद त्या छतावर आदळते, ती फक्त ४ वॅट भरते. एखाद्या छोट्या एलईडी दिव्याइतकीसुद्धा नाही. त्या ४ वॅटपैकी आवाजात किती रूपांतर होतं? खोलीत ७५ डेसिबलचा गलका असेल, तर ढोबळ हिशेबानं लाखातला एक भाग. बाकीची ऊर्जा पाणी उडण्यात, पत्रा किंचित हलण्यात आणि उष्णतेत जिरून जाते. एवढ्याशा कणभर ऊर्जेनं आपलं बोलणं बंद पडतं, कारण माणसाचा कान विलक्षण नाजूक आहे. मग तो एक लाखांश भाग आणखी कमी करायला काय लागतं? एखादा इंच-दोन इंच हलका फेस पुरेल का? काही आवाजांना तो पुरतो आणि काहींना अजिबात पुरत नाही. असं का होतं, ते समजून घेताना पदार्थविज्ञानातल्या काही सुंदर गोष्टी समोर येतात.

आवाज एक नसतो

केनवड हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं, मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. वऱ्हाडातल्या अशा रस्त्याकाठच्या गावात वर्षभर निरनिराळे आवाज घरात येत असतात. पावसाळ्यात टिनावरचा पाऊस. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन काढणीला आलं की मळणीयंत्राची घरघर. रात्री घाट चढावा तसा गिअर बदलत जाणारा ट्रक. लग्नसराईत वरातीपुढचा डीजे. कानाला हे सगळे ‘आवाज’च असतात, पण घरात शिरण्याची त्यांची वाट वेगवेगळी असते.

पाऊस छतावर थेट आपटतो. तिथे पत्रा स्वतःच वाजतो, आवाज जन्मालाच छतावर येतो. ट्रकचा आवाज हवेतून येतो, भिंत आणि छत हलवून पलीकडे पोचतो किंवा सापडेल त्या फटीतून सरळ आत घुसतो. आणि आत आलेला कुठलाही आवाज सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींवर, फरशीवर, पत्र्यावर आपटून परत परत घुमतो. वाजणं, पार जाणं, फटीतून शिरणं आणि घुमणं अशा या चार गोष्टी आहेत. फेस या चौघांशी चार वेगळ्या तऱ्हांनी वागतो. छताखाली फेस मारून घेतल्यावर एक जण समाधानी असतो आणि दुसरा पैसे वाया गेले म्हणतो, त्याचं कारण इथेच आहे.

दोन द्रव आणि काही सेकंद

हा फेस म्हणजे पॉलियुरेथेन. बाजारात त्याला ‘पीयू फोम’ म्हणतात. शीतगृहांच्या भिंतींत, फ्रिजच्या दारात, कारखान्यांच्या शेडखाली तो असतो. पॉलियुरेथेनचं रसायन जर्मनीत लेव्हरकुसेन इथे ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधलं.

फवारणीचं काम बघण्यासारखं असतं. दोन पिंपांत दोन वेगळे द्रव असतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल आणि त्याच्या जोडीला थोडं पाणी किंवा लवकर उकळणारा एखादा द्रव. दोन्ही द्रव गरम नळ्यांमधून येतात आणि फवारणीच्या बंदुकीच्या तोंडाशी पहिल्यांदा एकमेकांना भेटतात. भेटल्याबरोबर अभिक्रिया सुरू होते, उष्णता निघते. पाणी आयसोसायनेटशी जुळून कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतं, किंवा तो लवकर उकळणारा द्रव त्या उष्णतेनं उकळतो. असंख्य बुडबुडे धरतात आणि ते फुटून जायच्या आत त्यांच्या भिंती घट्ट होतात. काही सेकंदांत पातळ फवाऱ्याचा जाड थर झालेला असतो.

हा फेस दोन प्रकारचा असतो. ‘ओपन सेल’ फेसात बुडबुड्यांच्या भिंती फुटून एकमेकांत उघडतात. तो मऊ असतो आणि त्याचं वजन घनमीटरला सुमारे ८ किलो भरतं. ‘क्लोज्ड सेल’ फेसात प्रत्येक कप्पा बंद राहतो. तो कडक असतो, घनमीटरला सुमारे ३२ किलोचा. पॉलियुरेथेन स्वतः पाण्याहूनही थोडं जड आहे. म्हणजे पहिल्या फेसात ९९ टक्के आणि दुसऱ्यात ९७ टक्के भाग हवा किंवा वायूच असतो. आपण छताला जवळजवळ हवाच चिकटवतो, ती जागची हलू नये एवढीच व्यवस्था प्लॅस्टिक करतं.

वाशीम जिल्ह्याच्या वाचकाला आणखी एका गोष्टीचं नवल वाटेल. या फेसातला पॉलिऑल हा घटक बहुधा खनिज तेलापासून येतो, पण तो सोयाबीनपासूनही करता येतो. सोयाबीन तेलाच्या रेणूत दुहेरी बंध असतात. त्या जागी रासायनिक प्रक्रियेनं हायड्रॉक्सिल गट बसवले की तेलाचं पॉलिऑल होतं. फोर्ड कंपनीनं २००८च्या मस्टँग मोटारीच्या आसनांच्या फेसात असा सोयाबीनचा घटक वापरला, आणि अमेरिकेत इमारतींच्या फवाऱ्याच्या फेसातही तो वापरला गेला. एरंडीचं तेल तर याहून पुढे आहे. त्याच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट निसर्गतःच असतात, त्यामुळे ते बरंचसं आहे तसंच या कामी येतं. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. बांधावर उगवणारी एरंडी आणि शेतातलं सोयाबीन ही दोन्ही झाडं फेसाच्या रसायनाच्या इतक्या जवळची आहेत.

पत्रा गप्प कसा होतो

आता पहिली वाट, म्हणजे वाजणं. हलगी वाजत असताना तिच्या कातड्यावर मागून तळहात टेकवला तर काय होतं? थाप तीच पडते, पण नाद तिथेच मरतो. पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून बसलेला फेस हेच करतो. थेंब पूर्वीसारखेच आपटतात. मात्र मोकळा पत्रा प्रत्येक ठोक्यानंतर थरथरत राहायचा, ती थरथर आता फेसाला सोबत घेऊनच होऊ शकते. फेसातल्या प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या ताणल्या-दाबल्या जातात आणि त्या घासाघाशीत कंपनाची ऊर्जा उष्णतेत जाते. ‘ठण्ण’ करून रेंगाळणारा आवाज ‘धप्’ होऊन लगेच संपतो. सेकंदाला ९ हजार ठोक्यांपैकी प्रत्येक ठोका असा आखूड झाला की गलका खूप उतरतो. त्यातही तीक्ष्ण, कानात टोचणारा वरचा भाग आधी जातो.

फेसाचं हे यश खरं आहे. आणि त्याच्यासोबत दुसरा लाभ मिळतो. उन्हाळ्यात विदर्भातल्या टिनाच्या घरात दुपारी बसवत नाही. बंद कप्प्यांचा फेस उष्णता अडवण्यात आपल्याला ठाऊक असलेल्या सामान्य बांधकाम साहित्यांमध्ये अगदी वरच्या क्रमांकाचा आहे. एकच थर पावसाळ्यात आवाज उतरवतो आणि मेमध्ये छताची झळ अडवतो.

पण थेंब पत्र्यावर आपटायच्या आधीच त्याचा जोर मोडला तर? उन्हाळ्यात गोठ्याच्या टिनावर कडबा किंवा पऱ्हाट्या पसरतात. त्याखालच्या पत्र्यावर अचानक पाऊस आला तरी आवाज फार होत नाही, कारण थेंब आधी काड्यांवर फुटतो. घाव सोसण्यापेक्षा तो वरच्या वर मऊ करणं केव्हाही सोपं. अर्थात वाळक्या काड्यांना आगीचं भय असतं, म्हणून राहत्या घरावर हा उपाय नको.

वजनापुढे फेसाचं चालत नाही

दुसरी वाट म्हणजे पार जाणं. ट्रकचा आवाज हवेतून येऊन छताला ढकलतो. छत जितकं जड, तितकं ते कमी हलतं आणि पलीकडच्या हवेला कमी ढकलतं. याचा नियम साधा आहे. वजन दुप्पट केलं की पार जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. डेसिबलची मोजपट्टी अशी आहे की १० डेसिबल कमी म्हणजे ऊर्जा दहावा भाग, आणि कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

आता वजनं मांडू. अर्ध्या मिलिमीटरचा पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे ४ किलो. त्याखाली दोन इंच क्लोज्ड सेल फेस मारला तर भर पडते अवघ्या दीड-पावणेदोन किलोची. या हिशेबानं आवाज ३ डेसिबलच्या आसपास उतरेल आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. म्हणजे पावसाचा गलका उतरवणारा तोच फेस ट्रकच्या आवाजापुढे जवळजवळ हतबल ठरतो.

याच पट्टीवर आता जुनं धाब्याचं घर ठेवून पाहा. लाकडी मयाली, त्यांवर किलचन, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. थर फूटभर जाड धरला तर एका चौरस मीटरवर पावणेपाचशे किलोच्या आसपास माती झाली. पत्र्याच्या १२० पट. वजनाच्या नियमानं हा फरक ४० डेसिबलच्या वर जातो, म्हणजे पत्र्यातून जितका आवाज खाली येतो त्याच्या दहा हजारांशाहूनही कमी धाब्यातून येतो. शिवाय पाऊस पडला तरी तो मातीवर पडतो, माती वाजत नाही. जुनी माणसं धाब्याखाली पाऊस पडतोय हे आवाजापेक्षा वासानं ओळखायची, त्यामागे हे गणित होतं. धाबं गळतं, दरवर्षी माती टाकावी लागते, खांब-मयालींना वाळवी लागते, म्हणून लोकांनी टिनपत्रे घातले आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. फक्त छताचं वजन एकदम शंभर पटींनी घटलं आणि त्याबरोबर शांतताही गेली.

डीजेचा आवाज तर या नियमाची कठोर परीक्षा घेतो. ध्वनीची कंपनसंख्या निम्मी झाली की अडवण्याची ताकदही सुमारे ६ डेसिबलनं घटते. डीजेचा ‘धम्म धम्म’ सेकंदाला ५० ते १०० कंपनांचा असतो आणि त्याच्या लाटेची लांबी साडेतीन ते सात मीटर भरते, म्हणजे खोलीएवढी किंवा तिच्याहून मोठी. दोन इंच फेसाला अशी लाट रोखता येत नाही.

एक इंचाची फट

तिसरी वाट सगळ्यांत चकित करणारी आहे. नऊ इंची विटांची भिंत साधारण ५० डेसिबल आवाज अडवते. म्हणजे लाख भागांपैकी एकच भाग पार जातो. आता १० फूट लांब, ९ फूट उंच अशी एक भिंत घ्या. तिच्या माथ्यावर, पन्हळी पत्रा टेकतो तिथे, सरासरी एक इंचाची फट सोडा. फटीचं क्षेत्रफळ भिंतीच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी. तरीही त्या फटीतून आवाज बिनअडथळा आत येतो आणि अख्ख्या भिंतीची अडवणूक ५० वरून २० डेसिबलवर येते. संपूर्ण विटांच्या भिंतीतून जितका आवाज येतो, त्याच्या जवळपास हजारपट एकट्या फटीतून येतो. ९ फुटांची वीट, सिमेंट, गिलावा हा सगळा खर्च एका इंचानं निष्प्रभ केलेला असतो.

इथे फेस आपलं सर्वांत मोठं काम करतो. पन्हळीच्या प्रत्येक वळणात, खिडकीच्या चौकटीमागे, वायरच्या भोकात तो फुगत शिरतो आणि जागा नेमकी भरतो. एवढ्यासाठी फवाऱ्याचं यंत्रही लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पीयू फोमचा डबा हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो. मात्र फट बुजली की पुढचा कच्चा दुवा पुढे येतो. टिनाचं छत स्वतःच जेमतेम २० डेसिबल अडवतं. त्याखाली थोडी जागा सोडून जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाचं दुसरं छत टांगलं, त्याच्या कडा बुजवल्या आणि मधल्या पोकळीत काचलोकर किंवा ओपन सेल फेस भरला, तर दोन वेगळ्या थरांमुळे वजनाच्या नियमापेक्षाही जास्त लाभ मिळतो. ट्रकसाठीचा उपाय हा आहे.

घुमणं आणि गादीची खोली

चौथी वाट घुमण्याची. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात कोणाचंच बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकावर ते सुधारण्याचं काम आलं. तोंडातून निघालेला शब्द तिथे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबाइननं रात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या गाद्या आणून खोलीत मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि घड्याळ लावून आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. गाद्या वाढल्या की वेळ घटला. त्यातून त्याला घुमण्याचं सूत्र मिळालं आणि इमारतींच्या ध्वनिशास्त्राचा पाया पडला.

उघड्या कप्प्यांचा फेस त्या गाद्यांचंच काम करतो. ध्वनीची लाट त्याच्या भोकांत शिरते, हवा बारीक वाटांमध्ये घासत पुढे-मागे होते आणि ऊर्जा उष्णतेत जाते. पण कडक पृष्ठभागाशी हवा हलत नसते. ती सर्वांत जोरात हलते लाटेच्या पाव लांबीवर. म्हणून दोन इंच फेस सेकंदाला दीड-दोन हजार कंपनांचा आवाज छान शोषतो आणि शंभराचा जवळजवळ सोडून देतो. बंद कप्प्यांच्या फेसात तर हवा शिरतच नाही, त्यामुळे तो फारसं शोषतही नाही. आणि शोषणं म्हणजे अडवणं नव्हे. खोलीत घुमणारा आवाज कमी झाला तरी शेजाऱ्याला ऐकू जाणारा आवाज तसाच राहू शकतो.

फेस मारण्याआधी

हा पदार्थ गुणी असला तरी त्याच्याशी सावध वागावं लागतं. फवारताना आयसोसायनेटची वाफ आणि बारीक थेंब हवेत असतात. श्वासातून गेले तर दमा जडू शकतो. त्यामुळे कारागिराला हवा पुरवणारा मुखवटा हवा, आणि घरच्यांनी, विशेषतः लहान मुलं आणि दमेकऱ्यांनी, काम चालू असताना आणि साधारण २४ तास घराबाहेर राहावं. एकदम जाड थर मारला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, फेस करपतो, क्वचित पेटही घेतो. थर पातळ, एकावर एक घ्यावेत. दोन द्रवांचं प्रमाण चुकलं तर वास राहतो आणि फेस आक्रसतो.

पेटला तर हा फेस काळा, विषारी धूर सोडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. म्हणून तो उघडा ठेवू नये, जिप्सम किंवा सिमेंट बोर्डानं झाकावा. आणि ज्या घरात चूल पेटते तिथे सगळ्या फटी बुजवण्याआधी धूर बाहेर जाण्याची पक्की सोय करावी. फटींतून आवाज येतो तसा त्याच फटींतून धूरही बाहेर जात असतो. गळकं छत आधी दुरुस्त करावं, नाहीतर फेसाच्या आड पत्रा न दिसता गंजत राहतो.

खर्च करण्याआधी एक तपासणी फुकट होते. भर दुपारी दारं-खिडक्या लावून खोलीत अंधार करा आणि उजेड कुठून येतो ते पाहा. जिथून उजेड येतो तिथून आवाज येतोच. मग स्वतःला विचारा की त्रास कशाचा आहे. पाऊस असेल तर पत्र्याखाली फेस. ट्रक असेल तर आधी फटी, मग दुसरं जड छत. वर्गात बोलणं घुमत असेल तर मऊ, शोषणारा थर. डीजे असेल तर उपाय भिंतीत नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेली आहे. ती मर्यादा पाळली जाणं एवढाच त्यावर इलाज.

या सगळ्यात सर्वांत निकडीची जागा म्हणजे टिनाच्या छताची शाळा. मागच्या बाकावरच्या मुलाला शब्द नीट कळायचा, तर शिक्षकाचा आवाज आजूबाजूच्या गलक्याहून १५ डेसिबलनं तरी वर हवा. उघड्या टिनावर जोराचा पाऊस सहज ७० डेसिबल होतो. त्यावर १५ डेसिबल चढवून दिवसभर बोलणं कुठल्याही शिक्षकाला शक्य नाही. पावसाळा जून ते सप्टेंबर, शाळेचं नवं वर्षही जूनअखेरीस सुरू होतं. नवी अक्षरं, नवे पाढे, नवी भाषा नेमकी त्याच महिन्यांत शिकवायची असते. गावात नवा वर्ग बांधला जात असेल किंवा जुन्यावर टिनपत्रे बदलले जात असतील, तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी एवढं जरूर करावं. अंदाजपत्रकात छताखालच्या आवाज-उष्णतारोधक थराची आणि तो झाकणाऱ्या बोर्डाची एक ओळ आग्रहानं घालून घ्यावी.